पाणकावळ्याचा कान

प्रश्न : ताई, आमचं गोव्यात चोडण बेटावर खाजन शेत आहे, म्हणजे खाडीकाठचं बांध घातलेलं शेत. मानशीची, म्हणजे बांधातून खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मोरीची, दारं उघडण्या-लावण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडेच आहे. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी पाच-सहा पाणकावळे हमखास बुड्या मारत असतात. एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. पक्षी पाण्याखाली असताना मी बांधावरून कितीही ओरडलो, टाळ्या वाजवल्या, तरी तो त्याच्या वेळेनेच वर येतो. पण पलीकडच्या वळणावर कुणी होडीचं इंजिन चालू केलं, की बुडालेला पक्षी लगेच लांब जाऊन डोकं काढतो आणि उडतो. सातवीतला नातू म्हणतो, पक्ष्यांना कानच नसतात. मग हे काय? पाणकावळा पाण्याखाली ऐकतो का?
— एक वाचक, चोडण

उत्तर : काका, नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ओरडणं आणि इंजिन हे दोन आवाज तुम्ही वेगळे करून पाहिलेत, आणि सगळं उत्तर त्या फरकातच आहे.

आधी नातवाचं. मी गेली सव्वीस वर्षं फोंड्यात लोकांचे कान तपासते आहे, तरी पाणकावळ्याचा कान प्रत्यक्ष बघायला मिळाला तो एकदाच. दिवाडीला एका मानशीवर नायलॉनच्या जाळ्यात छोटा पाणकावळा अडकला होता. पिल्लूच होतं ते, त्याच वर्षीचं. जाळं कापणाऱ्या माणसाने माझ्या हातातला पंचा त्याच्यावर टाकला आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून पक्षी माझ्याकडे दिला. गळ्याची कातडी भराभर थरथरत होती, चोचीला शेवट्या माशाचा वास होता. मी ओल्या बोटाने डोळ्याच्या मागची, जरा खालच्या अंगाची पिसं उलटी सारली. खाली भोक दिसलं, तांदळाच्या कणीएवढं. पाळी नाही, कडा नाही, काहीच नाही. बोट उचललं तशी पिसं जागच्या जागी बसली आणि कान पुन्हा नाहीसा झाला. तो पक्षी उडाला, जरा लंगडत, पण उडाला.

तेव्हा नातवाला सांगा, पक्ष्यांना कान असतात, नसते ती फक्त बाहेरची पाळी. आत पडदा आहे, पडद्याला टेकलेलं हाड आहे, आणि त्याच्या आत आवाजाच्या लहरी मेंदूला कळतील अशा करणारी नळीही आहे. आपल्या मधल्या कानात एकापुढे एक अशी तीन हाडं असतात, पक्ष्याच्या कानात एकच काडीसारखं हाड सगळं काम करतं. आपली आतली नळी शंखासारखी वेटोळी, पक्ष्याची आखूड आणि जवळजवळ सरळ. त्यामुळे फार उंच, बारीक सूर पक्ष्यांना ऐकू येत नाहीत. माणसाचा कान 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांपर्यंत, जातो. जंगली बदक साधारण 66 पासून 7,600 हर्ट्झपर्यंत ऐकतं आणि त्याला सगळ्यात चांगलं ऐकू येतं ते 2,000 च्या आसपास. बुडी मारणाऱ्या बहुतेक पक्ष्यांनाही सगळ्यात चांगलं ऐकू येतं ते 1,000 ते 3,000 हर्ट्झच्या पट्ट्यातच. जुन्या टेलिफोनवर आपलं बोलणं ज्या पट्ट्यातून जायचं तो 300 ते 3,400 चा. म्हणजे आपल्याला एकमेकांचं बोलणं ज्या भागामुळे कळतं, नेमका तोच भाग या पक्ष्यांनाही नीट ऐकू येतो.

आता तुमची टाळी. हवेतला आवाज पाण्यावर आदळतो तेव्हा त्याची जवळजवळ सगळी शक्ती परत फिरते, हजारातला एखादा भाग कसाबसा आत जातो. पाण्याचा पृष्ठभाग हा आवाजासाठी आरसाच आहे. तुम्ही बांधावर उभे राहून कितीही जीव काढून ओरडलात तरी खाली पोचतं ते अगदी क्षीण. इंजिनाचा पंखा मात्र पाण्यातच फिरतो. त्याच्या आवाजाला आरसा ओलांडावाच लागत नाही. शिवाय हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, तर पाण्यात सुमारे 1,500 मीटर, म्हणजे चौपटीहून जास्त वेगाने. वळणापलीकडचं इंजिन तुम्हाला पुसटसं ऐकू येत असताना खालच्या पक्ष्याला ते स्पष्ट ऐकू येत असेल.

नातवाला हे पटवून द्यायचं असेल तर पुस्तक नको. मे महिन्यात नदीवर पोहायला न्या. त्याला डोकं पाण्याखाली घालायला सांगा आणि तुम्ही वर टाळी वाजवा. मग दोन दगड पाण्याखाली एकमेकांवर आपटा. लहानपणी आम्ही भावंडं आजोळच्या ओहोळात हेच करायचो. दगडाचा तो टणटणीत आवाज डोक्याच्या आत वाजल्यासारखा वाटायचा, आणि तो उजवीकडून आला की डावीकडून, हे कधीच सांगता यायचं नाही. त्याचं कारण मला पुढे शिकताना कळलं. हवेत एका बाजूने आलेला आवाज दोन्ही कानांवर किंचित अंतराने पोचतो, तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवतो. पाण्यात आवाज इतका झपाट्याने येतो की ते अंतर चौथाईवर येतं. त्यात पाणी आणि आपली कवटी यांत आवाजाला फारसा फरक वाटत नाही, तो पडद्याची वाट न बघता हाडांतूनच आत शिरतो. माणसाचा कान पाण्याखाली ऐकतो, पण परक्या घरी आल्यासारखा.

पाणकावळ्याचा तसा नाही, आणि हे आता मोजून कळलेलं आहे. डेन्मार्कमध्ये, सदर्न डेन्मार्क विद्यापीठाच्या संशोधकांनी मोठ्या पाणकावळ्याला शिकवून तयार केलं. पाण्याखाली ठरलेल्या जागी जायचं आणि आवाज आला की नाही ते आपल्या हालचालीने सांगायचं. मी दवाखान्यात हेडफोन लावून ‘ऐकू आलं की बटण दाबा’ म्हणते ना, अगदी तीच तपासणी. 2017 मध्ये निकाल छापून आला. 2,000 हर्ट्झच्या सुरात त्या पक्ष्याला ऐकू येणारा सगळ्यात हळू आवाज 71 डेसिबलचा निघाला. हा आकडा वाचून घाबरू नका. पाण्यातलं डेसिबल आणि हवेतलं डेसिबल ही दोन वेगळी मापं आहेत. आवाजाच्या तीव्रतेने हिशेब केला तर पाण्यातले 71 म्हणजे हवेतले जेमतेम नऊ-दहा, पानांच्या हलक्या सळसळीएवढे. त्या पट्ट्यात सील आणि दात असलेले देवमासे जेवढं ऐकतात, साधारण तेवढंच. सीलचं बरंचसं आयुष्य पाण्यात जातं. हा पक्षी दिवसाचा बराच वेळ खुंटावर पंख पसरून बसलेला असतो, तरी खाली गेल्यावर त्याच्या बरोबरीने ऐकतो!

याच विद्यापीठातल्या लोकांनी 2020 मध्ये पुढचं काम प्रसिद्ध केलं. पिल्लांना भूल देऊन आधी हवेत आणि मग डोकं पाण्याखाली 10 सेंटिमीटर ठेवून, आवाजाला मेंदू कसा उत्तर देतो ते मोजलं. लेझरने कानाच्या पडद्याचं थरथरणंही टिपलं. त्यांना दिसलं की पाण्याखालचं ऐकणं हवेतल्याइतकंच चांगलं आहे, आणि तीव्रतेच्या हिशेबाने तर जास्तच. कानाची बाहेरची नळी मिटणारी आहे, पडदाही जाड. हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तो दिवाडीचा पक्षी आला. कणीएवढं भोक बघून मला वाटलं होतं, बिचाऱ्याचं ऐकणं यथातथाच असणार. वर्षानुवर्षं माणसांचे कान बघून माझी नजर तशीच झाली होती.

पाणकावळ्याला याचा उपयोग काय, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. ओहोटीला मानशीतून सुटणारं पाणी चहासारखं असतं. पाणकावळ्याची नजर पाण्याखाली कुणाला वाटेल तितकी तेज नसते, तपासणीत ती अपेक्षेपेक्षा बरीच अधू निघाली आहे. तरी तो काळुंद्र बरोबर धरून वर येतो. पाण्याखाली ऐकण्यासारखं खूप आहे. घोळ, ढोमे यांच्या कुळातले मासे पोटातल्या हवेच्या पिशवीचे स्नायू थरथरवून चक्क ढोलासारखा आवाज काढतात. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ग्रांद बेटाजवळ पाण्यात ध्वनिग्राहक सोडून माशांचे असे सामूहिक आवाज टिपले आहेत. कोळंबीतली एक जात नांगी मिटताना फुटाणे फुटल्यासारखा आवाज करते. पाणकावळा नेमकं काय ऐकून वळतो, ते मी सांगणार नाही, पण ज्या गढूळ पाण्यात आपल्याला हाताची बोटं दिसत नाहीत, तिथे तो रिकाम्या कानांनी फिरत नाही.

पेंग्विनांचंही असंच आहे. डेन्मार्कच्याच ओडेन्स प्राणिसंग्रहालयात जेंटू पेंग्विन पोहत असताना पाण्यात आवाजाचे छोटे झटके सोडले. सगळ्यात हळू आवाजाला ते तसेच पोहत राहिले. आवाज वाढवला तसे दचकून पळू लागले आणि सगळ्यात मोठ्या आवाजाला निम्म्याहून जास्त वेळा पळाले. तुमच्या मानशीवर इंजिनाने जे होतं तेच. तुम्ही ते आधीच पाहिलेलं होतं.

एक तुम्ही विचारलेलं नाही, पण दिवाडीच्या पिल्लामुळे मला सांगितल्यावाचून राहवत नाही. जाळं आवाज करत नाही. नायलॉनची बारीक दोरी गढूळ पाण्यात दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, म्हणून एवढ्या चांगल्या कानांचा पक्षी तिच्यात जातो. अमेरिकेत प्युजेट साउंडच्या खाडीत सामन माशांच्या जाळ्यांवर 1,500 हर्ट्झचा टिकटिक आवाज करणारी छोटी यंत्रं बांधून पाहिली. म्यूर नावाचे बुडी मारणारे पक्षी अडकण्याचं प्रमाण सुमारे निम्म्यावर आलं. हा अभ्यास 1999 चा आहे. पण त्याच जाळ्यांत अडकणाऱ्या दुसऱ्या एका जातीला काही फरक पडला नाही, म्हणजे एका आवाजाने सगळे पक्षी वाचत नाहीत. मानशीवर यंत्र बांधा असं मी म्हणत नाही. ओहोटी संपल्यावर जाळं पाण्यात तसंच राहू नये एवढं बघा, काका. तेवढं तुमच्या हातात आहे.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमच्या घरामागच्या तळ्यावर अडई बदकं येतात, त्यांची शिट्टी रात्री पण ऐकू येते. आजी म्हणते, अडईचं पिल्लू अंड्यात असतानाच आईचा आवाज ओळखतं. मॅडम म्हणाल्या की अंड्यात ऐकू येणार नाही. कोणाचं खरं?
— एक विद्यार्थिनी, वाळपई

उत्तर : बाय, आजीचं खरं. मॅडमना हा अंक नेऊन दाखव, त्यांनाही आवडेल.

अंड्यातलं पिल्लू बाहेर येण्याच्या दोन-तीन दिवस आधी अंड्याच्या रुंद टोकाला असलेल्या हवेच्या पोकळीत चोच घालतं. तेव्हापासून ते श्वास घेतं आणि चिवचिवतंही. घरी कोंबडी अंड्यांवर बसली असेल तर शेवटच्या दिवशी एखादं अंडं हळूच कानाशी धरून बघ. मी धरलं आहे. आतून आधी टकटक आली आणि मग इतका बारीक ‘पी’ आला की अंडं हातातून सुटायचं!

अमेरिकेतल्या गिल्बर्ट गॉटलीब या शास्त्रज्ञांनी बदकांच्या पिल्लांवर बरीच वर्षं काम केलं. नुकतंच जन्मलेलं, आईला एकदाही न भेटलेलं पिल्लू त्यांनी दोन आवाजांच्या मध्ये सोडलं. एका बाजूला बदकाच्या आईची हाक, दुसऱ्या बाजूला कोंबडीची. पिल्लू सरळ बदकाच्या हाकेकडे गेलं. सगळ्यांना वाटलं, हे रक्तातच आहे. गॉटलीब तिथे थांबले नाहीत. त्यांनी काही पिल्लांचा आवाज अंड्यात असतानाच काही दिवसांपुरता बंद केला आणि त्यांना इतर अंड्यांपासून वेगळं ठेवलं. म्हणजे त्या पिल्लांनी ना स्वतःची चिवचिव ऐकली, ना भावंडांची. बाहेर आल्यावर त्यांना आईची हाक आणि कोंबडीची हाक यांतला फरक कळेना.

म्हणजे आईची हाक ओळखण्यासाठी पिल्लाने आधी अंड्यात स्वतःला ऐकलेलं असावं लागतं. मी दवाखान्यात कर्णबधिर बाळांच्या आईवडिलांना हीच गोष्ट सांगते. बाळ स्वतःचं बोबडं बोलणं ऐकत ऐकत बोलायला शिकतं, म्हणून ऐकू येत नसल्याची शंका असेल तर वर्षभर वाट बघू नका, पहिल्या महिन्यातच तपासा.

अडई पुष्कळदा झाडाच्या ढोलीत अंडी घालते. पिल्लांना पंख फुटलेले नसतात, तरी उंचावरून खाली उडी मारावी लागते. अमेरिकेतलं वूड डक नावाचं बदकही ढोलीतच घरटं करतं. त्याची आई खाली उभी राहून हाका मारते आणि एका दिवसाची पिल्लं एकामागून एक स्वतःला खाली टाकतात. जिथून जमीन दिसतही नाही, तिथून केवळ आवाजावर भरवसा ठेवून. तुमच्या तळ्याकाठी ढोलीचं झाड असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये लांबून लक्ष ठेव आणि काय दिसलं ते मला लिही. जवळ मात्र जाऊ नकोस.

प्रश्न : आमच्या गावच्या तळ्याजवळ लग्नाचा हॉल झाला आहे. रात्री मोठ्या आवाजात गाणी, वर फटाके. या आवाजाने तळ्यातले पक्षी बहिरे होतात का? माझे वडील तीस वर्षं खनिजाच्या बार्जवर इंजिनापाशी होते, त्यांना आता काही ऐकू येत नाही. मी चौतीस वर्षांचा, त्याच कामावर आहे. म्हणून विचारावंसं वाटलं.
— एक वाचक, डिचोली तालुका

उत्तर : फार मोठ्या आवाजाने पक्ष्याच्या कानातल्या केसपेशीही मरतात. केसपेशी म्हणजे आतल्या नळीत ओळीने उभ्या असलेल्या, लहरीबरोबर लवणाऱ्या सूक्ष्म पेशी, ऐकण्याचं मूळ त्यांच्यातच. पण 1988 मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात दोन शोधनिबंध एकत्र आले, एक कोंबडीच्या पिल्लांवर आणि एक लावा पक्ष्यांवर. मोठ्या आवाजाने मेलेल्या केसपेशींच्या जागी पक्ष्यांच्या कानात नव्या केसपेशी उगवतात, असं त्यात दाखवलं होतं. शेजारच्या आधार देणाऱ्या पेशी विभागतात आणि त्यांतून नव्या तयार होतात. काही आठवड्यांत पक्ष्याचं ऐकणं बरंचसं परत येतं. तोपर्यंत सगळे धरून चालले होते की गेलेली केसपेशी गेलीच. त्या दिवसापासून जगभर प्रयत्न चालू आहेत की माणसाच्या कानालाही हे शिकवता येईल का.

तेव्हा पक्ष्यांच्या बहिरेपणाची चिंता थोडी बाजूला ठेवू. फटाक्यांनी होणारं खरं नुकसान वेगळं आहे. रात्री एकदम स्फोट झाला की अंड्यांवर बसलेली पाणकोंबडी उठते, अंधारात तिला घरटं लवकर सापडत नाही, अंडी गार पडतात. पंचायतीकडे अर्ज करायचा असेल तर विणीच्या दिवसांचं हे कारण लिहा, ते बहिरेपणापेक्षा पक्कं आहे.

पण तुमच्या पत्रातली शेवटची दोन वाक्यं मला सोडवत नाहीत. आपल्या प्रत्येक कानात जन्माला येताना सुमारे 15,000 केसपेशी असतात आणि त्या परत उगवत नाहीत. बार्जवरून आलेल्या माणसाचा ऐकण्याचा आलेख (ऑडिओग्राम) माझ्यापुढे आला की नाव न वाचता मी काम ओळखते. रेघ सरळ जाते आणि 4,000 हर्ट्झपाशी खड्ड्यासारखी खाली उतरते. त्या खड्ड्यात आधी ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरं जातात. म्हणून असा माणूस म्हणतो, ‘ऐकू येतं गो, पण कळत नाही,’ आणि घरचे म्हणतात, मुद्दाम ऐकत नाही. वडिलांना असं कुणी बोलत असेल तर बोलू देऊ नका. त्यांना कानाचं यंत्र लावून बघा, आणि एकाच दिवसात यश-अपयश ठरवू नका. दोन-तीन महिने रोज लावावं लागतं. इतकी वर्षं न ऐकलेले आवाज मेंदूला पुन्हा ओळखायला वेळ लागतो. आधी भांड्यांचा आवाज असह्य होतो, मग हळूहळू माणसं कळू लागतात.

आणि तुम्ही या महिन्यात ऑडिओग्राम करून घ्या, आदल्या दिवशी सुट्टी घेऊन, कारण इंजिनाजवळून थेट आलं तर थकलेला कान खोटा आकडा देतो. 4,000 ची खूण बघा. ती अजून वर असेल तर ती तिथे राखता येते. 85 डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ तास काम करायचं तर कान झाकलेच पाहिजेत. इंजिनखोलीत आवाज त्याच्या बराच वर असतो, तेव्हा इअरमफ घाला आणि आतून फोमचे प्लगही. फोम आधी बोटांत वळून बारीक करा, कान वर-मागे ओढून आत घाला आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. कापसाचा बोळा घालू नका, त्याने आवाज अडत नाही.